पेस पडला तर पडू दे, पण त्या भगदाडातून आत जाऊ नकोस

पत्र:

"ताई, मी ३६ वर्षांची, कांदिवली पूर्वेला राहते, बँकेत नोकरी. चार वर्षं रोडवर पळतेय, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात, पेस साधारण किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा. गणपतीनंतर आमच्या भागातल्या एका ट्रेल ग्रुपला, म्हणजे जंगलवाटांवर पळणाऱ्यांच्या ग्रुपला, जॉइन झाले. ते दर रविवारी पहाटे पावणेपाचला सोसायट्यांच्या मागच्या भिंतीला जे भगदाड आहे तिथून बोरिवलीच्या नॅशनल पार्कात शिरतात, हेडटॉर्च लावून. परमिशनचं विचारलं तर अॅडमिन म्हणतो दहा वर्षं जातोय, काही लागत नाही. मी तिथे साफ मागे पडते, किलोमीटरला अकरा मिनिटं लागतात, दोनदा उतारावर आपटलेय. गेल्या रविवारी सगळे पुढे निघून गेले आणि मी वीस मिनिटं अंधारात एकटी होते, बाजूला काहीतरी खसखसलं, मी जीव घेऊन पळत सुटले. नवरा म्हणतो बंद कर हे, बिबट्या खाईल. डिसेंबरात सह्याद्रीतली २५ किलोमीटरची रेस भरलीय, १२०० मीटर चढ, सात तास कटऑफ, म्हणजे तेवढ्यात संपवायची. ट्रेल रनिंग हे माझं कामच नाही का? की अजून जोर लावू?"

अगं, तुझं पत्र वाचताना मी 'वीस मिनिटं अंधारात एकटी' इथे आले आणि चहाचा कप खाली ठेवला. बाकी सगळं म्हणजे बूट, पेस, आपटणं ह्याला उत्तरं आहेत आणि ती मी देणारच आहे, पण आधी हे सांगते की तू प्रश्नच उलटा विचारलायस. तू विचारतेस मी कमी पडतेय का. मला विचारायचंय की जो ग्रुप एका बाईला पहाटे पाच वाजता बिबट्यांच्या जंगलात मागे सोडून पुढे जातो आणि वर 'ज्याचं त्याने बघायचं' अशा थाटात असतो, त्याला ग्रुप का म्हणायचं. डोंगरात फिरणाऱ्यांचा जुना नियम आहे, सगळ्यात मागचा माणूस ठरवतो किती वेगाने जायचं, आणि त्याच्याही मागे एक जाणता माणूस असतो. ट्रेकिंगला गेली असशील कधी कॉलेजात तर आठवेल, शेवटी एक दादा असायचाच, सगळ्यांच्या बॅगा उचलत येणारा. इथे तो दादा कुठाय?

आता पेसचं बघू, कारण तेच तुझ्या मनाला लागलंय. ट्रेलवाल्यांचा एक साधा हिशेब असतो, जेवढे किलोमीटर त्यात दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर मिळवायचा. समजा त्या दिवशी तुम्ही १२ किलोमीटर पळालात आणि ५०० मीटर चढलात, तर ते झाले १७. सतराला तुझा साडेसहाचा पेस लाव, एकशे दहा मिनिटं होतात, म्हणजे घड्याळात दिसणारा पेस सव्वानऊच्या आसपास येतो, आणि हा हिशेब नुसत्या चढाचा झाला, ह्यात दगड नाहीत, मुळं नाहीत, ओलं गवत नाही, अंधार नाही. त्यावर तू अकराने जातेयस. म्हणजे तू मागे वगैरे काही पडलेली नाहीयेस, तू बरोब्बर जिथे असायला हवीस तिथे आहेस, आणि पुढचे जे तुझ्याहून भराभर जातायत ते एकतर फार मुरलेले आहेत किंवा मुकाट्याने घोटे मोडून घेतायत. शिवाय झाडीत जीपीएस काहीच्या काही दाखवतं, स्ट्राव्हा अॅपवर पेस बघून रडायचं तर अजिबात कारण नाही.

हाच हिशेब रेसला लाव. २५ अधिक १२ म्हणजे ३७. तुझ्या रोडच्या पेसने चार तास, खरं तर पाच ते सहा लागतील, कटऑफ सात. बसतंय की आरामात. म्हणजे अजून जोर लावायची गरज नाहीये, उलट जोर कमी करायला शिकायचंय, आणि ते रोडवाल्यांना फार जड जातं, मला स्वतःला दोन वर्षं गेली. चढ आला की चालायचं. लाज वाटून घ्यायची नाही. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, पाठ फार न वाकवता, छोटी पावलं टाकत चालायचं, खूप चांगले रनर्ससुद्धा उभ्या चढाला असंच चालतात, आणि पळून वर गेलेला माणूस माथ्यावर धापा टाकत बसलेला असताना तू त्याच्या बाजूने पुढे जातेस, हे एकदा झालं ना की मग लाज कायमची जाते. पेस बघायचाच नाही, श्वास बघायचा. चढावर पूर्ण वाक्य बोलता येतंय तोपर्यंत ठीक, दोन शब्दांवर आलं की अजून हळू.

बरं, आता भगदाड.

मी पण गेलेय गं अशी. साधारण पंधरा वर्षांपूर्वी, पार्काच्या ठाण्याकडच्या, येऊरच्या बाजूने, आम्ही पाच जणी, फार शहाण्या समजायचो स्वतःला. परतताना एका वळणावर वनरक्षक भेटला, सायकल झाडाला टेकवलेली, हातात काठी. मला वाटलं आता दंड, आरडाओरड, कोणाकोणाला फोन. तो काहीच ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मॅडम, तुम्ही पडलात आत कुठे, तर तुम्ही आत आहात हेच आम्हाला माहीत नाही. शोधायचं कुठं?" आणि आमची नावं वहीत लिहून घेतली, गेटपर्यंत स्वतः सोडायला आला. चालताना रस्त्यात पडलेलं कुणाचं तरी चिक्कीचं रॅपर उचलून खिशात टाकलं त्याने, ते रॅपर आमचंच होतं बहुतेक, आम्ही कोणी काही बोललो नाही. दंड झाला असता तर मी विसरले असते.

तर कायद्याचं आधी सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही, दहा वर्षं जातोय म्हणून ती परवानगी होत नाही, दहा वर्षं गुन्हा करतोय एवढाच त्याचा अर्थ. तू बँकेत आहेस, तुला हे मी वेगळं सांगायला नको. पण खरं कारण त्या वनरक्षकाने सांगितलं तेच. गेटमधून पास घेऊन, ठरलेल्या वाटेवर गेलीस तर तू आत आहेस हे कोणालातरी माहीत असतं.

आता नवऱ्याचा बिबट्या. नवरा चुकीचं बोलतोय असं मी म्हणणार नाही आणि बरोबर बोलतोय असंही म्हणणार नाही. शंभरच्या वर चौरस किलोमीटरचं जंगल, भोवती शहर, आणि आत कॅमेरा ट्रॅप लावून मोजलेले चाळीसच्या वर बिबटे. जगात असं फार ठिकाणी नाहीये. तरी रोज सकाळी हजारो माणसं तिथे चालायला जातात आणि धडधाकट घरी येऊन पोहे खातात. बिबट्यांच्या हल्ल्यांचा एक काळ वाईट होता, २००२ ते २००४ ची वर्षं, २००४ चा जून तर भयंकर होता, तेव्हाच्या बातम्या माझ्या आईने कापून फ्रीजवर लावल्या होत्या मला घाबरवायला. मग अभ्यास झाले. जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि इतरांनी केलेल्या कामातून दिसलं की पकडलेला बिबट्या लांब नेऊन अनोळखी जंगलात सोडला की हल्ले उलट वाढतात. आपल्या पार्काभोवती तर लोकांनीही शिकायचं होतं, कचरा साठला की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. पाड्यांवरच्या वारली लोकांना हे कोणी सांगायला लागत नाही, त्यांच्याकडे वाघोबा आहे, शेंदूर लावलेला, आणि बिबट्यालाही ते वाघच म्हणतात. ते तिथे पिढ्यानपिढ्या राहतात, पण पहाटे अंधारात गपचूप पळत कोणी निघत नाही त्यांच्यातलं. जायचंच असेल तर बोलत जातात, टॉर्च, हातात काठी, दोघंतिघं.

आणि तुमचा ग्रुप काय करतो बघ. वेळ नेमकी ती, जेव्हा बिबट्या फिरत असतो. वाट अशी, जिथे भिंतीच्या कडेला कुत्री असतात. आणि सगळे पळतायत, गप्प, काहींच्या कानात इअरफोनही असणार, मागून एक एकटी बाई. म्हणजे जेवढ्या गोष्टी करायच्या नाहीत तेवढ्या एकत्र.

तू खसखस ऐकून पळत सुटलीस, त्याबद्दल रागवत नाही, माणूस पळतोच. पण पुढच्या वेळेसाठी पाठ कर. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, पळणारी गोष्ट दिसली की मांजरीला सुद्धा मागे धावावंसं वाटतं, हा तर मोठा. उभं राहायचं, ताठ, हात वर, जॅकेट असेल तर पसरायचं, मोठ्याने बोलायचं, काहीही बोल, आरती म्हण. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकायचं आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. फोन काढायचा नाही. आणि खाली बसायचं किंवा वाकायचं नाही, वाकलेला माणूस त्याला माणूस वाटतच नाही, छोटं जनावर वाटतं, म्हणून लेस बांधायची असेल तर उघड्या जागी, बाजूला कोणीतरी उभं असताना. लघवीचंही तेच, हे बायकांना कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतेय, गेटजवळच उरकून निघायचं, आणि अगदीच लागली तर झुडपात आत शिरायचं नाही, मैत्रिणीला दोन पावलांवर बोलत उभं करायचं. लाजायचं काय त्यात.

खरं सांगू, तो दिसणारच नाही बहुतेक. मी इतकी वर्षं जातेय, एकदाच दिसला तोही गाडीतून. पण असतो हे मात्र कळतं. एकदा थंडीत पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या रस्त्यावर, उजाडलेलं होतं पण झाडीत अजून राखाडी, माझ्यापुढे पाचसहा मॉर्निंग वॉकर काका, माकडटोपी वगैरे. एकदम उजव्या हाताच्या उतारावरून सांबर ओरडलं, ढांक, असा तो आवाज असतो, पत्र्याच्या पिंपावर कोणी बुक्की मारल्यासारखा. मग वानरं सुरू झाली, झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखी. सगळे काका जागच्या जागी उभे. कोणी फोन काढला नाही, कोणी पुढे वाकून बघितलं नाही. एक जण घड्याळ बघून म्हणाले, "थांबा दोन मिनिटं, त्याला क्रॉस करू दे." जसा काही बोरिवली स्टेशनचा फाटकवाला. दोनाची पाच मिनिटं झाली, आवाज लांब गेला, मग ते निघाले आणि डायबेटिसच्या गोळ्यांवर त्यांचं जे चाललं होतं ते पुन्हा चालू झालं. मी पळत असते आणि कानात गाणी असती ना, तर मला त्यातलं काही ऐकूच आलं नसतं, सरळ त्याच्या पुढ्यात. म्हणून इअरफोन घरी. हे एकच मी दम देऊन सांगते.

बिबट्याचं इतकं बोललो पण मला त्याच्यापेक्षा जास्त भीती मधमाश्यांची वाटते. कातळाला, लेण्यांच्या कपारीला, किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. डिओ, परफ्यूम मारून जायचं नाही, खाली उभं राहून आरडाओरडा नाही, दगड नाही, धूर तर नाहीच. उठल्या तर मात्र पळायचं, इथे पळायला परवानगी आहे, तोंड झाकून, थांबायचं नाही. आणि सापांचं: पाय ठेवण्याआधी दिसला पाहिजे म्हणून तर उजेड हवा. घोणस पाचोळ्यात पडलेली असते ती पाचोळाच दिसते. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, चालवायचं पण नाही, पाय न हलवता उचलून हॉस्पिटलात, १०८ ला फोन. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, तोही नंबर सेव्ह कर.

आता तू म्हणशील ताई सगळं बंदच केलंत, पळू कुठे. तर ऐक.

पार्कात तुझ्यासाठी कान्हेरीचा रस्ता. मेन गेटवरून आत, साधारण सहा किलोमीटर, डांबरी आहे, पण शेवटचा चढ चांगलाच घाम काढतो, चढाच्या वर्कआउटला ह्याहून चांगली जागा उपनगरात नाही. मॉर्निंग वॉकर्सचा पास काढ, गेटवर वेळा लिहिलेल्या असतात त्या बघ, सोमवारी पार्क बंद असतं. वरपर्यंत गेलीस तर लेण्यांचं तिकीट वेगळं, आणि लेण्यांत पळायचं नाही, तिथे चाल आणि बघ जरा, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी त्या लोकांनी कातळात पाण्याची टाकी खोदून एकातून दुसऱ्यात पाणी नेलंय, शिलालेखात त्याला पोढी म्हणतात. आपण इथे हायड्रेशन बॅगच्या नळीसाठी भांडतो. शिलोंड्यासारख्या आतल्या वाटा बघायच्या असतील तर परवानगी काढून, गाइडबरोबर, चालत. पळायला नव्हे. एकदा तशी जाऊन ये, खरंच, हळू चाललं की जमीन वाचायला येते, पळताना पुढे तेच कामाला येतं.

खऱ्या ट्रेलची सवय पार्काच्या बाहेर कर. माथेरान तुला सगळ्यात सोपं, खासगी गाड्या नाहीत, तांबड्या मातीच्या वाटा, दाट झाडी, पॉइंटापॉइंटाला लिंबूसरबत, हरवायची भीती कमी. घोडे आले की थांबून बाजूला हो, मागून पळत गेलीस तर बुजतात. माकडं हातातलं खाणं ओढतात तेवढं सांभाळ. माहेर पुण्याचं असेल किंवा पुण्यात कोणी असेल तर आतकरवाडीतून सिंहगड, एका दमात सहाशेच्या आसपास मीटर चढ मिळतो आणि वाटेवर इतकी माणसं असतात की एकटेपण नाही. दोन वेळा वरखाली केलंस की रेसचा चढ झाला बघ, पण एकदम नको, नोव्हेंबरात.

आणि रेसला अजून दहाबारा आठवडे आहेत तर बिल्डिंगचे जिने वापर. एक मजला तीन मीटर धर, वीस मजले साठ मीटर, दहा वेळा चढलीस की सहाशे मीटर, घरातून बाहेर न पडता. पहिले तीनचार आठवडे खाली लिफ्टने ये, नंतर हळूहळू उतरायला लाग, कारण उतारानेच मांड्या जातात, चढाने नाही. पहिल्यांदा उतरलीस की दोन दिवस कमोडवर बसताना आई आठवेल, तेच दुखणं रेसच्या दिवशी नको म्हणून आत्ता. वॉचमनला आधी सांगून ठेव, नाहीतर सेक्रेटरीचा मेसेज येतो.

आपटण्याचं बोलू. तू कशी आपटलीस लिहिलं नाहीस पण मी अंदाज करते, उतार, घसारा म्हणजे सुटी माती-खडी, तू घाबरून मागे कललीस, टाच लावलीस, पाय पुढे गेला आणि बसलीस. सगळ्यांचं हेच होतं. घसाऱ्यावर मागे कललं की घसरणारच. थोडं पुढे, गुडघे मऊ, पावलं बारीक आणि भराभर, तव्यावर पाय पडल्यासारखी, हात बाजूला मोकळे, कोंबडीसारखे दिसले तरी चालतील. नजर पायाशी नाही, तीनचार मीटर पुढे, पाय मागून आपोआप येतात. आणि कारवीच्या झुडपांना धरून उतरायची सवय असेल तर जपून. आपल्या पार्कातली कारवी २०२४ ला फुलली, आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते, त्या वाळलेल्या काठ्या हातात आल्या की कडाडकन मोडतात. नवे कोंभ वेगळे. कुडाच्या भिंती करायला ती काठी चांगली, तुला सावरायला नाही.

ओल्या कातळावर शेवाळ असेल तर कुठलाही बूट टिकत नाही, जाहिरातीत काही म्हणू दे. तिथे बसून उतरायचं, सरळ. तुझे रोडचे बूट जाड फोमचे असणार, ते ट्रेलवर उंच चपलांसारखे होतात, दगड तिरका लागला की घोटा वळलाच. ट्रेलचे घे, तळाला चारपाच मिलिमीटरच्या खुट्ट्या, अर्धा नंबर मोठा, उतारावर बोटं पुढे जाऊन नखं काळी होतात म्हणून. ट्रेकर मंडळी जे अॅक्शन कंपनीचे बूट घालतात ना, त्यांची पकड भारी आहे आणि स्वस्तही, पण पळायला जड पडतात. आणि घोट्यासाठी काही विकत घ्यायला नको, दात घासताना एका पायावर उभी राहा, सकाळी डावा रात्री उजवा. जमायला लागलं की डोळे मिटून.

खाण्याचं थोडक्यात. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब, पाचसहा साधे खजूर म्हणजे साधारण तीस ग्रॅम झाले, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की चालेल, एनर्जी जेल पचत असेल तर तेही, पण रेसच्या दिवशी पहिल्यांदा काही तोंडात टाकायचं नाही. पाणी तासाला अर्धा लिटरच्या आसपास, ऑक्टोबर हीटमध्ये जास्त, आणि नुसतं पाणी ढोसायचं नाही, मीठ हवंच, ओआरएस किंवा मीठ घातलेलं कोकम. नुसत्या पाण्याने पण माणूस आडवा होतो. रॅपर परत खिशात, त्या वनरक्षकाची शपथ. हिमोग्लोबिन वर्षभरात तपासलं नसशील तर एकदा बघून घे, आपल्याकडे बायका धाप लागली की वयाला नाव ठेवतात आणि निघतं भलतंच.

राहिला ग्रुप. भांडू नकोस, त्याने काही होत नाही, अॅडमिन लोकांना भांडणात मजा येते. ग्रुपवर एकच मेसेज टाक, की ह्या रविवारपासून मी मेन गेटने, पास काढून, उजाडल्यावर जाणार आहे, कान्हेरीपर्यंत, चढ चालत, सगळ्यात मागचीला थांबणार, कोण येतंय. मी पैजेवर सांगते तिघीचौघी येतील, त्या तुझ्यासारख्याच गप्प होत्या. कोणी नाही आलं तर नवऱ्याला ने. तो पळत नसेल तर सायकल भाड्याने मिळते का गेटजवळ ते बघ, नाहीतर त्या काकांबरोबर चालू दे त्याला, बिबट्याबद्दल त्याला जे ऐकायचंय ते सगळं ते सांगतील, आणि डायबेटिसबद्दलही. अट एकच, तू किती वाजता कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काय करायचं हे त्याला आदल्या रात्री सांगून ठेव, फोन चार्ज, आणि वेळ पाळ.

गाडीत कोरडे मोजे आणि चप्पल ठेव.